अमृतच्या शेडमधलं गाणं

अमृतचा स्टुडिओ कुठं होता म्हणून इचारा, विंझरची माणसं आभाळाकडं बघत्यात. जसं काय वारं आलं अन् शेड उडून गेली! अरे, गावातल्या निम्म्या लोकांनी तिथं जेवणावळी उठवल्यात. कुणी जनरेटर दिला, कुणी टेम्पो लावला, कुणी डबे पुरवले. आता इचारलं की म्हणं, कसला स्टुडिओ?

मी अफसाना. भोरहून एसटीनं येते अन् गावोगाव लग्नाचे चुडे भरते. मी काय लाजत न्हाई, म्हणून मीच सांगते.

ती मुळात कोंबड्यांची शेड. कोंबड्यांचा धंदा बसला अन् अमृतनं तिथं पलंग टाकला, पडदे लावले. आधी तो लग्नाची शूटिंग करायचा. पण आता मांडवात ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, याला कोण बोलावणार? मुंबईच्या कुणा ॲपवाल्याची ओळख निघाली अन् यानं तसले पिक्चर काढायला सुरवात केली. तसले म्हंजी तसलेच, माझ्याकडनं वदवून घेऊ नका.

पोरी मुंबईहून यायच्या. बिचाऱ्या गाडीतच झोपून यायच्या अन् झोपेतच परत जायच्या. त्या बोलायच्या हिंदी. अमृत म्हणायचा, हिंदी कुत्रं बी बघत न्हाई, मला मराठी पायजे, अन् ती बी पुण्याची न्हाई, हितली. मग आवाज मागनं भरायचा. पत्र्याला आतनं गोधड्या टांगल्या, मधी माईक ठेवला, अन् त्याच्यापुढं बसवली नूतनला.

नूतन त्याची चुलतवहिनी. नवरा वारला, पदरात लेक, वावर डोंगराच्या उतारावर. आवाज मातर असा की पलीकडच्या वाडीतली म्हस मागं फिरावी. अमृत म्हणाला, "वहिनी, घरी बोलता तसं बोला." लिहिलेलं काही नसायचंच. तोंडाला येईल ते बोलायचं. पडद्यावरचा हिरो पलंगाकडं आला की ही ओरडायची, "आरं मुडद्या, आधी पाय धू! सगळं रान आणलंस आत!" आमी हसून हसून लोळायचो. मी तिच्या शेजारी दोन्ही हातात काचेचा चुडा भरून बसायचे. अमृतनं बोट वर केलं की हात हलवायचे. बांगड्या माझ्या, आवाज नूतनचा अन् अंग त्या मुंबईच्या पोरींचं, असा आमचा संसार होता.

अन् तेच चाललं बघा! उघडं अंग काय, कुठंबी मिळतं. शेजारच्या घरातली बाई बोलावी तसं बोलणारी कुठं मिळती? सातारा, बारामती, कुठं कुठं पोहोचलं. कॉलेजची पोरं एकमेकांना "आधी पाय धू" म्हणायला लागली. दुसऱ्या पिक्चरवाल्यांनी बी गावाकडच्या बाया धरून आणल्या, पण त्यांना नूतनगत जमंना.

एकदा पहिल्या रातीचा शीन होता. अमृत म्हणाला, मागनं गाणं पायजे, पण दुसऱ्याचं नको, नसती भानगड होईल. नूतन दमलेली होती. सकाळधरनं वावरात, दुपारधरनं माईकपुढं. तिनं डोळं मिटलं अन् आईचं हळदीचं गाणं म्हणली. तिची आई फुलाबाई. ते गाणं म्हातारीनं स्वतः बांधलेलं, अन् फक्त त्यांच्याच घरात म्हणायचे.

हळूच लाव हळद बाई, अंग हिचं कोवळं गं
उन्हात न्हाई ठेवली म्या, सावलीत वाढवलं गं

मांडवात म्हणलं तर डोळ्याला पाणी येतं. त्या पलंगामागं वाजलं अन् त्याचा पार चोथा झाला. पोरांनी ते उचललं, डीजेवाल्यानं त्याला ठेका लावला, मग रीलवर आलं. शेवटची ओळ तेवढी अमृतनं कापली होती, कारण तिच्यात फुलाबाईचं नाव होतं.

पुढं ते ॲपच बंद झालं. अमृतनं शेडला कुलूप लावलं अन् पुण्याला गेला. हितं राहिली नूतन, तिचा आवाज घेऊन. एक दिवस दुकानात तिनं चहापत्ती मागितली तर मोबाईल बघत बसलेलं एक पोरगं गर्रकन मान वळवून तिच्याकडं बघाय लागलं. झालं! त्या दिवसापासनं बाईचा घसा बसला. कुजबुजत बोलायची. लग्नात गाणं बंद, भांडण बंद, म्हशीला हाक मारणं बंद. बाया ज्येष्ठमध काय, काढा काय, आणून द्यायच्या अन् घसा धडधाकट असून ही मुकाट प्यायची. मला तर तिच्याकडं बघूनच शीण यायचा. एवढी दांडगी बाई, अन् घरात चोरासारखी बोलती!

तिच्या लेकीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं शिवऱ्याला. घर चांगलं, पोरगा सरळ. चुडा भरायला गेले तर नूतननं मला गोठ्यात नेलं अन् माझा हात धरून रडली. "अफसाना, उष्टी हळद घेऊन तिकडची माणसं येणार, पोरं येणार. प्रणाली म्हणती आजीचं गाणं म्हण. एकानं जरी आवाज ओळखला तर माझ्या पोरीचं लग्न मांडवात मोडंल गं."

"मग म्हणू नकोस."

"ती ऐकत न्हाई. तिला वाटतं माझा घसा तिच्या हळदीला तरी सुटंल."

प्रणालीला यातलं काहीच ठावं न्हवतं. आई अमृतकाकाकडं भाकऱ्या करायला जायची, एवढंच तिला माहीत.

हळदीच्या दिवशी दुपारी शिवऱ्याचा टेम्पो आला. बायका उतरल्या, मागनं चारपाच पोरं मोबाईल हातात धरून. प्रणाली पाटावर बसली. हळदीची वाटी पुढं आली तसा तिनं हात आडवा धरला. "आई, तू आजीचं गाणं म्हण. त्याबगर मी लावून घेणार न्हाई."

नूतन उभी राहिली. तिनं घशाकडं बोट दाखवलं. या अल्ला, आता काय होतंय!

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई, सखूबाई, पुढं झाल्या. माणूस मायेचं. "राहू द्या हो विहीणबाई, घसा बसलाय तुमचा. आमी म्हणतो की." अन् त्यांनी सूर लावला. "हळूच लाव हळद बाई, अंग हिचं कोवळं गं..."

शिवऱ्याच्या सगळ्या बाया मागनं म्हणाय लागल्या. टाळ्यांचा ठेका तोच, डीजेवाला. रीलवर ऐकून ऐकून शिकलेल्या बिचाऱ्या, कुठनं आलं ते त्यांना काय ठावं! पोरं बी मान हलवत होती. कुणी हसलं न्हाई. मी मनात म्हणलं, सुटली बाई, सुटली.

गाणं थांबलं. प्रणाली सखूबाईंकडं वळली. "अवो, हे तर माझ्या आजीनं बांधलंय. अन् शेवट ऱ्हायला. फुला म्हणे सासूबाई, लेक तुमची झाली गं, चुकलं तर मला सांगा, तिला न्हाई बोला गं. असं हाय ते."

सखूबाई हसल्या. "अगं माझे बाय, आमच्या शिवऱ्यातलं जुनं गाणं हाय हे. सगळी पोरंसोरं म्हणत्यात. इचार की तुझ्या आईला."

सगळ्यांनी नूतनकडं बघितलं. पोरांनी बी. व्हय म्हणावं तर घरातलं गाणं बाहेर गेलं कसं, हा पुढचा सवाल आलाच. माझ्या तोंडात आलं होतं, अगदी ओठावर. पण मी काय बोलणार, अन् बोलून कुणाचं भलं करणार?

नूतन कुजबुजली, "त्यांचंच हाय. आमच्यात न्हवतं हे गाणं."

"आई!" प्रणाली म्हणाली.

"आजीला आठवत न्हवतं गं काही शेवटी शेवटी. कुठंतरी ऐकलं असंल."

पोरगी गुडघ्यात डोकं घालून रडाय लागली. बाया एकमेकींना म्हणाल्या, लेक सासरी जायची म्हणून रडती, रडू द्या. सखूबाईंनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. नूतननं वाटीतली हळद घेतली अन् लेकीच्या पायाला लावायला खाली बसली.