ओठात वाचणारी

नवशीनं पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक पेंढ्याखाली सारलं आणि गोफण हातात घेतली. भातावर एकही पोपट नव्हता. तरी तिनं एक खडा भिरकावला, कारण बांधावरून सासू येत होती आणि राखणीला बसवलेली सून राखण करताना दिसायला हवी होती.

सासू, बायडी, राखणीच्या माळ्याखाली येऊन उभी राहिली. रोज या वेळेला ती नागलीची भाकर घेऊन यायची. आज तिचे हात रिकामे होते.

"उतर खाली," ती म्हणाली. "येसूच्या दारात सगळे जमलेत. भगतानं तुला बोलावलंय."

"मला? कशाला?"

"नि तो कागद घे. पेंढ्याखालचा."

 सासूला पुस्तकाचं ठाऊक आहे, हे नवशीला आजच कळत होतं. शिडीवरून उतरताना तिचा पाय दोनदा सटकला.

भगतानं का बोलावलंय हे तिनं विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. येसूची दोन वर्षांची गोदी चार दिवस तापात होती. काल पोश्या भगतानं सुपात तांदूळ टाकून दाणे पाहिले आणि म्हणाला, "ओठात बोलणारी बाई हाय. जवळचीच हाय." आज सकाळी झऱ्यावर नवशीच्या हंड्याला कोणी जागा दिली नाही. बायका बाजूला झाल्या, त्या वाट द्यायला नव्हे. तिचं लुगडं अंगाला लागू नये म्हणून.

आता ओठ हलले तर एवढं काय बिघडलं, असं जव्हारातला माणूस म्हणेल. पण खोडाळ्याकडच्या या पाड्यात ओठ हलवून पुटपुटायचं काम एकट्या भगताचं. तो मंतर म्हणतो तेव्हा त्याचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. बाकीच्यांना बोलायचं असलं की ते तोंड उघडून बोलतात. मग एखादी बाई माळ्यावर एकटी बसून, मांडीवर काहीतरी धरून, रोज दुपारी ओठ हलवत असेल तर ती काय करत असेल? पाड्याला कागद ठाऊक होता तो जव्हार दरबारच्या शिपायाच्या हातातला. तो कागद मोठ्यानं वाचतात, आणि त्यानंतर कोणाचं तरी काहीतरी वाईट होतं. ओठात वाचायचा कागद कोणी पाहिलाच नव्हता.

नवशी वाचायला शिकली तीच ओठात. लहानपणी ती जव्हारला एका कारकुनाच्या परसात भात कांडायला होती. कारकूनबाईला कादंबऱ्यांचं भलतंच वेड, आणि घरात सासरा असा की बाईमाणसाच्या हातात कादंबरी दिसली तर घर डोक्यावर घेईल. म्हणून ती बिचारी मागच्या पडवीत तांदूळ निवडायच्या निमित्तानं बसायची, सुपाआड पुस्तक धरायची आणि आवाज न करता वाचायची. नवशी मुसळ बाजूला ठेवून तिच्या ओठांकडे बघायची, मग पानाकडे. बाईला गंमत वाटली. तिनं अक्षरं दाखवली, आणि तीन वर्षांत पोर वाचायला लागली. ओठ मिटूनही वाचता येतं हे दोघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नात कारकूनबाईनं एक लुगडं दिलं आणि लुगड्याच्या घडीत एक कादंबरी. तिचं पुठ्ठ्याचं पान गेलेलं, नावही गेलेलं. आत कुमुदिनी नावाची एक पोरकी मुलगी होती. तिचा बाप दूध पिऊन झोपला तो उठलाच नाही. आता घरात काका, काकाच्या हातात किल्ल्या, आणि कुमुदिनीला रोज रात्री दुधाचा पेला. वासुदेव वकील तिच्यावर जीव टाकणारा, पण त्यालाच कोणीतरी खोट्या आळात अडकवून कोठडीत घातलेलं. कुमुदिनीला आधार एका कुलदेवीचा. पुस्तक पानापानाला देवीवर भरवसा ठेव म्हणून सांगायचं आणि पानापानाला अंगावर काटा आणायचं. नवशी भीती वाटली म्हणून ते मिटायची आणि भीती वाटली म्हणूनच पुन्हा उघडायची. काल झऱ्यावर भगताचं बोलणं कानावर आलं, तेव्हाच ते जाळून टाकायला हवं होतं. पण दुधात कोणी कालवलं ते कळल्याशिवाय जाळायचं कसं?

"आय," ती बांधावरून चालता चालता म्हणाली, "देवजी असता तर बरं झालं असतं."

बायडीनं पावलं उचलली. देवजी, नवशीचा नवरा आणि बायडीचा एकुलता एक मुलगा, ठेकेदाराच्या लाकूडतोडीला रानात गेला होता. दिवाळीला येणार होता. दिवाळीला अजून बारा दिवस होते.

नवशीच्या डोळ्यांपुढं काळी उभी राहिली. पलीकडच्या पाड्यावरची काळी. दोन वर्षांपूर्वी तिला भुताळी, चेटूक करणारी, ठरवली, आंब्याला बांधली आणि खालून मिरच्यांचा धूर दिला. कोणीतरी धावत जाऊन जव्हारला वर्दी दिली. तिसऱ्या दिवशी शिपाई आले तेव्हा त्यांनी दोरी सोडली, ती मेलेल्या बाईची. नवशीनं त्या आंब्याखालून एकदा डोक्यावर मोळी घेऊन जायचं टाळलं होतं आणि मैलभर वळसा घातला होता.

येसूच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती.  येसू दारात, मांडीवर गोदी. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले आणि श्वास भराभर चाललेला. पोश्या भगत सुपापुढं उकिडवा बसला होता. हाडकुळा माणूस, पण त्याची नजर अंगाला चिकटायची.

"काय हाय ते?" त्यानं पुस्तकाकडे हनुवटी केली.

"गोष्ट हाय, बाबा. जव्हारच्या बाईनं दिलेली."

"गोष्ट तोंडानं सांगतात. ओठात कोण सांगतं? नि कोणाला? माळ्यावर तर तू एकटीच असतेस."

 खरं म्हणजे प्रश्न चांगलाच होता.

"आज कुठवर वाचलंस? तिथनंच वाच. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे."

तिनं पुस्तक उघडलं. दुमडलेल्या कोपऱ्यामुळं ते नेमकं तिथंच उघडलं. पान चाळायलाही सवड मिळाली नाही. कुमुदिनी देवघरात कोंडली गेली होती आणि देवीपुढं पदर पसरून म्हणत होती:

'जगदंबे! ज्याने माझ्या पित्यास विष पाजिले, त्याचे लेकरू त्याच्याच मांडीवर तळमळून जावो!'

 समोर येसूच्या मांडीवर गोदी तळमळत होती.

"वाच की."

ती वाचायला लागली. डोळे ओळीवर, बोट ओळीवर, आणि तोंडातून येतील ते शब्द.

"'आई, सगळ्यांना सुखात ठेव. गुराढोरांना चारा मिळू दे. दारातला दिवा जळत राहू दे. लेकरांना दुखणं नको. रानात गेलेला माणूस धड घरी येऊ दे.'"

अंगणात कोणीतरी सुस्कारा सोडला. एक म्हातारी म्हणाली, "चांगलं हाय गं." नवशीनं पुस्तक मिटायला घेतलं.

"थांब," पोश्या म्हणाला. "कागद बदलत नाय. शिपाई दहांदा वाचतो, दहांदा तेच निघतं. पुन्हा वाच."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. पहिल्यांदा काय म्हटलं होतं? सुख. मग गुरं. मग?

"'आई, सगळ्यांना सुखात ठेव. गुराढोरांना... चारा मिळू दे. लेकरांना दुखणं नको. रानात गेलेला माणूस धड घरी येऊ दे.'"

पोश्यानं मान वर केली.

"दिवा कुठं गेला?"

नवशीनं ओळीवरून बोट फिरवलं.

"मघा दिवा होता. आता नाय. काय गं, कागदातला दिवा विझला?"

मागून कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. येसूनं गोदीला छातीशी घट्ट धरलं आणि नवशीकडे पाहिलं. लग्नात याच येसूनं तिला हळद लावली होती. आता तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. "दोरी आणा," असं कोणीतरी हळूच म्हणालं. नवशी होती तिथंच खाली बसली. पळायचं तिच्या मनातही आलं नाही.

"दिवा हाय तिथं," बायडी म्हणाली.

ती माणसांतून वाट काढत पुढं आली.

"तिची ओळ चुकली. तू असा बघतोस, मग पोर भ्याली तर नवल काय? माझी पण चुकली असती."

"तुला काय ठावं त्यात काय हाय ते? तुला वाचता येतं?"

"मला ऐकता येतं. रोज भाकर घेऊन जाते, माळ्याखाली दोरी वळत डोळे मिटून बसते. तिला वाटतं म्हातारी झोपली. ती ओठात वाचते, पण अगदीच मुकी नसते. रोज हेच वाचते. सुख, गुरं, दिवा, लेकरं. रोज."

 पोश्यानं सूप तिच्या पुढं सरकवलं.

"दाण्यांत हात घाल नि सांग."

 देवाच्या नावानं टाकलेल्या दाण्यांत हात घालून जो खोटं बोलेल, त्याच्या घरातलं माणूस वर्ष संपायच्या आत जातं. यावर पाड्यात कोणाला शंका नव्हती, आणि बायडीला तर मुळीच नव्हती. तिचा नवरा नदीत वाहून गेला तो पुरामुळं, हे तिला कधी पटलंच नाही. त्याच्या भावानं बांधाच्या भांडणात दाण्यांत हात घालून खोटं सांगितलं होतं, म्हणून नवरा गेला. हे तिनं नवशीला लग्नानंतर आठव्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, घरातल्या बाईला ठाऊक असावं म्हणून.

बायडीचा हात सुपावर आला आणि तिथंच थांबला. तिची बोटं आखडली. तिनं एकदा डोळे मिटले. मग हात मनगटापर्यंत तांदळात गेला.

"ही रोज हेच वाचते. हिच्या कागदात कोणाचं वाईट नाय."

पोश्यानं हात बाहेर काढायला सांगितला, दाणे सुपात पसरले आणि त्यांच्यावर वाकून बसला. त्याचे ओठ हलायला लागले. सगळे त्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"झऱ्याकाठच्या सावलीनं धरलंय गोदीला. काळं कोंबडं लागेल," तो म्हणाला. बहुधा त्यालाही बरं वाटलं असावं.

माणसं उठली.  बायडीनं नवशीला दंडाला धरून उभी केली आणि घरापर्यंत तसंच धरून नेलं.  पाठीमागं गोदीचं कण्हणं बराच वेळ ऐकू येत होतं.

घरी येताच बायडीनं चुलीतली राख घेतली आणि मागच्या दारी बसून उजवा हात घासला. धुतला. पुन्हा राख घेतली, पुन्हा घासला. नवशी भिंतीला टेकून बघत होती. आता कुठं तिचं डोकं चालायला लागलं होतं. आपण जे वाचलं ते त्या पुस्तकात कुठंच नाही, मग सासूनं ते रोज ऐकलं कसं? बहुतेक म्हातारीला ओठातलं धड काही ऐकू येत नसेल. आज ऐकलं तेच रोजचं, असं तिला खरंच वाटलं असेल. मग ती खोटं बोललीच नाही. मग दाण्यांचं भय नाही. नवशीनं मोठा श्वास घेतला.

"वासुदेव सुटला का गं कोठडीतनं?" बायडीनं हात घासता घासता विचारलं.

नवशीचा श्वास अर्ध्यावर राहिला.

"आय?"

"परवा तू मध्येच मिटलंस. मला झोप लागली नाय. काकानंच कालवलं असणार दुधात, दुसरं कोण हाय घरात? नि ती येडी रोज पेला तोंडाला लावते."

"तुला सगळं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासनं."

"म्हणजे आज मी वाचलं ते..."

"ते त्यात नाय. कळलं मला. तुझा आवाजच निराळा होता."

"नि तरी तू दाण्यांत हात घातलास!" नवशीला रडू फुटलं. "आय, काय केलंस हे? दिवाळीला बारा दिवस हायेत, नि तो रानात हाय, झाडं पडतात तिथं, वाघरू हाय..."

"त्याचं नाव काढू नको."

बायडी उठली. ओला हात लुगड्याला न पुसता तसाच अंगापासून दूर धरून ती पुढच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली. तिथून रानाकडची वाट पार नदीच्या वळणापर्यंत दिसायची. वाटेवर कोणीच नव्हतं. ती बघत राहिली. 

"इकडं ये. बस. तो कागद काढ."

"आत्ता? कोणी बघितलं तर?"

"बघू दे. ओठात नको, मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय, पोरी."