पोटावरचं धुकं

मी काचेची मोठी वाटी बोलतेय. आज सकाळी फ्रीज अचानक गप्प झाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तशी मी घाबरटच. काचेची जात, कुणी दार आपटलं तरी शहारते. म्हणून मीच मला समजावलं, म्हातारा दम खात असेल.

या घरात मी आईबरोबर आले. आई गेली आणि मी दोघी बहिणींच्या वाट्याला उरले. उकाड्यात आई माझ्यात कोळंबीचं गार सॅलड करायची. आधी रिकामी मला फ्रीजमध्ये ठेवायची. वाढायला बाहेर काढली की माझ्या पोटावर धुकं धरायचं आणि आई त्यावर बोटाने मासा काढायची. तो मासा उमटल्याशिवाय पोरी चमचा उचलत नसत.

ताईचं पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. डॉक्टरांनी ताजंच खा म्हणून बजावलं होतं. पण ताजं काय, शिळं काय, तिला काहीच जात नव्हतं. आणि काल ती आपणहून म्हणाली, आईसारखं काहीतरी गार खावंसं वाटतंय. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं.

सकाळी तिने कोळंबी सोलली, पाठीतला काळा दोरा काढला. गुलाबी होऊन वळताच गरम पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकली. ओट्याजवळ प्लग लावायला जागा एकच. मिक्सर लावायचा तर फ्रीजचा काढायचा, ही इथली जुनी रीत. लिंबाच्या रसात पुदिना वाटून झाला, काकडी चिरून झाली, सगळं माझ्यात कालवून तिने मला आत ठेवलं. मिक्सर धुऊन जागेवर गेला. फ्रीजचा प्लग मात्र ओट्यावर लोळत राहिला.

दुपारपर्यंत वरच्या खणातला बर्फ वितळून माझ्या झाकणावर टपकू लागला. शेजारच्या बाटलीला म्हटलं, अगं, आपण ओरडू या. ती ढिम्म.

धाकटीने दार उघडलं. आतला दिवा लागला नाही; पण भरदुपारी दिव्याकडे कोण बघतं? हात गारठतील म्हणून तिने मला फडक्यात धरलं. मला हात लाव गं, मी विनवत होते, नुसता हात लाव.

टेबलाशी ताई उशीला टेकून बसली होती. झाकण निघताच तिने हसून विचारलं, तुझ्या हातचं खायचं म्हणजे आधी विमा उतरवायचा का? कित्येक दिवसांनी ती हसली होती. धाकटी म्हणाली, गुमान खा. तिचेच डोळे भरले होते.

ताईने चमचा भरून घेतला.

तेवढ्यात धाकटीला आई आठवली. फडकं बाजूला करून तिने मासा काढायला माझ्या पोटावर बोट ओढलं. कोरडी काच कर्रकन् ओरडली. सकाळपासून दाबून धरलेली माझी हाक ती हीच.

धाकटी दचकली. तिने अख्खा तळवा माझ्यावर टेकला. तिची नजर ओट्यावर गेली, तिथल्या प्लगवर थांबली. ताईचा चमचा ओठांशी होता.

धाकटीने तिचं मनगट धरलं.

"ताई, थांब. ही गार नाहीये."