गल्लीनं पाहिलेलं जहाज

नोकरीवर घेण्याआधी माणूस कसा आहे, हे त्याच्या गल्लीत जाऊन विचारायचं, हे माझं काम. दारात उभी राहिले की लोकांना वाटतं, मी स्थळाच्या चौकशीला आलेय. प्रश्नही साधारण तेच. पितो का, घरी कोण कोण असतं, कुणाशी भांडणतंटा? फरक एवढाच, की स्थळाच्या चौकशीत निदान एखादा हितशत्रू तरी खरं बोलून जातो. माझ्या नशिबी बहुतेक वेळा तोही नसतो.

त्या दिवशीचं काम लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचं होतं. उमेदवार तिशी उलटलेला. विशीत मित्रांच्या नादी लागून त्यानं एका गोदामातून तांब्याच्या तारा चोरल्या, पकडला गेला आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. हे कुणी त्याच्या माघारी सांगितलेलं नव्हतं. मुलाखतीत त्यानंच आपणहून सांगितलं होतं, लेखीही दिलं होतं. विजेचं काम तो आतच शिकला. त्याचा हात इतका बसलेला, की परीक्षा घेणारा कंपनीचा म्हातारा मिस्त्री, जो कुणाला बरं म्हणत नाही, तो साहेबांना म्हणाला, "याला सोडू नका."

कायदा हल्ली अशा माणसाला आडवा येत नाही. शिक्षा भोगून झाली असेल आणि ती लपवली नसेल, तर खुशाल घ्या म्हणतो. पण लिफ्टवाला लोकांच्या इमारतींत शिरतो, किल्ल्या हाताळतो, म्हणून अट अशी, की घरच्यांखेरीज दोन माणसांनी, त्याची शिक्षा माहीत असताना, त्याची खात्री द्यायची. एक खात्री तुरुंगात वीजकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी दिलेली होती. दुसरी हवी होती ती सुटून आल्यावर त्याला रोज पाहणाऱ्याची. त्यानं गल्लीतली दोन नावं दिली होती. दोघांतल्या एकानं जरी म्हटलं असतं, 'हो, आत होता, तरी माणूस चांगला आहे,' तर काम फत्ते.

पण मेख अशी, की ती तुरुंगाची गोष्ट मी तोंडातून काढायची नाही. समोरच्यानं आपणहून काढली तर ठीक. मूर्ख नियम वाटतो ना? मलाही वाटायचा. मग आमच्यातल्या एकीनं एका घरमालकिणीपुढे भाडेकरू मुलीची जुनी केस बोलून टाकली, आणि संध्याकाळी त्या मुलीची भांडीकुंडी रस्त्यावर आली. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. जबाब फोनवर रेकॉर्ड होतो, शेवटी पडद्यावर अंगठा घेतात, आणि पहिला जबाब तोच खरा धरतात. नंतर कुणी बदलला, तर शिकवून घेतलाय असं समजतात.

पत्ता पाहायचा म्हणून आधी त्याच्या घरी गेले. एकच खोली, पण दिव्यांची बटणं अशी सरळ रेषेत बसवलेली, की आमच्या ऑफिसातही तशी नाहीत. आईच्या खाटेच्या उशाशी एक वेगळं बटण होतं, अंधारात तिला चाचपडायला लागू नये म्हणून. आई लहानखुरी आणि तिखट. मी बसायच्या आत तिनं सुरुवात केली.

"माझा मुलगा जहाजावर होता."

"मी अजून काहीच विचारलं नाही, मावशी."

"विचाराल ना! मधली वर्षं कुठं होता म्हणून. तर जहाजावर होता. मोठ्या."

"काय काम करायचे?"

"जहाज म्हटल्यावर कामं काय थोडी असतात?" ती माझ्यावरच डाफरली. मग फळीवरचा एक शंख काढून तिनं माझ्या हातात ठेवला. "हा बघा. तिकडून आणलाय."

शंखाच्या तळाला दुकानातली किमतीची चिठ्ठी होती, नखानं अर्धीच खरवडलेली. मी तो सुलटा करून परत दिला. घरच्यांचा शब्द तसाही मोजत नाहीत, त्यामुळे काळजी नव्हती. खरं सांगायचं तर तेव्हा मला हसू येत होतं.

यादीतलं पहिलं नाव समोरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं. नात्यानं त्याच्या कुणी नव्हेत, गल्लीच्या वहिनी. त्यांनी मशीन न थांबवताच मला बसायला सांगितलं.

"त्यांच्याबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळं म्हणजे अगदी सगळं. एवढासा होता तेव्हापासून."

"मधली काही वर्षं ते इथं नव्हते…"

"जहाजावर!" मशीन एकदम जोरात पळायला लागलं.

"कधी काही कारवाई, कोर्टकचेरी?" नियमात बसणारा एवढाच एक प्रश्न माझ्याकडे असतो.

"कोर्टाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेही त्याला ठाऊक नाही."

"वहिनी, जे असेल ते सांगितलं तरी चालतं. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही."

मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी दारावर सोनं उजळून द्यायला आलेल्या माणसावर टाकतात. मग अंगठा पुढे केला.

फोन पिशवीत गेल्यावर मात्र त्यांची जीभ सैल झाली. "त्या सायकलवाल्याचं नाव यानं कशाला दिलं, देव जाणे. तिकडे जाऊच नका. सत्यवादी म्हणतो आम्ही त्याला. मागे असाच एकजण विचारायला आला होता. गोड बोलला, 'सांगा, काही होत नाही.' हा बसला सगळं ओकत."

"काय ओकला?"

"खोटंनाटं!" त्या पटकन म्हणाल्या. "पोराची नोकरी गेली. तेव्हापासून गल्लीतलं कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढत नाही. पंक्चर झालं तर जो तो मोठ्या रस्त्यापर्यंत सायकल ढकलत नेतो, पण त्याच्याकडे नाही. याची आई तर तिकडे मान वळवून बघतसुद्धा नाही."

मला हायसं वाटलं. धंदा बुडला तरी खरं बोलणारा एक माणूस या गल्लीत होता आणि त्याचंच नाव माझ्या यादीत होतं. पोरगं हुशार आहे, म्हटलं मनात. त्यानं बरोबर माणूस निवडला होता.

सत्यवादींच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे त्यात ट्यूब बुडवून बरेच दिवस झाले असावेत. साठीचा माणूस. त्यानं माझ्यासाठी स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं आणि फोन सुरू केला.

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"ओळखतो."

"सगळं माहीत आहे?"

तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. "सगळं," म्हणाला.

"मग सांगा, दादा. सावकाश सांगा."

त्यानं रस्त्यापलीकडे पाहिलं. आई आपल्या दारात येऊन उभी होती. आज ती तोंड फिरवत नव्हती. टक लावून त्याच्याकडेच बघत होती. तो खाकरला, आणि मला नव्हे, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "जहाजावर होता."

मी फोन त्याच्या आणखी जवळ धरला. "दादा, नीट आठवून सांगा."

"मोठ्या जहाजावर. मी स्वतः गेलो होतो पोचवायला."

"कधी काही कारवाई…"

"बाई, सोन्यासारखा मुलगा आहे. त्याच्या अंगाला कसला डाग नाही. घ्या लिहून. अंगठा कुठं हवा?"

त्याचा अंगठा तेलानं काळा होता, पडद्यावर उमटेना. त्यानं तो पुसून पुसून तीनदा टेकवला. मी मनात म्हणत होते, नको उमटायला. उमटला.

"फोन बंद झाला?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. "मागे माझं तोंड आवरलं नाही, बाई. विचारलं आणि सांगून बसलो. त्याचं वाटोळं केलं मी. आज फेडलं."

त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. अहो, आजच तर तुमचं तोंड हवं होतं! शब्द ओठांपर्यंत आले होते. रस्त्यावर पडलेली ती भांडी आठवली म्हणून गिळले, असं मी स्वतःला सांगते. पण खरं तर उपयोग काय होता? अंगठा उमटून गेला होता. सांगितलं असतं तर त्याचा तेवढा आनंद गेला असता.

तेवढ्यात आई रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो त्याच्यापुढे धरला. "घ्या, भावजी," म्हणाली, आणि त्याच स्टुलावर बसली, ज्यावरून मी नुकतीच उठले होते. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. मी तिथून निघाले. मला ते बघवेना.

गल्लीच्या तोंडाशी उमेदवार स्वतःच भेटला. सिमेंटच्या दुकानात पोती उतरवतो, त्यामुळे भुवयांवर, पापण्यांवर सिमेंट. सायकल हातात. माझी पिशवी बघून ओळखलं त्यानं.

"मॅडम, भेटले दोघं?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

जबाब फोडायची मला परवानगी नाही. "चांगलं बोलले," एवढंच म्हणाले.

"चांगलं म्हणजे?"

"फार चांगलं."

त्याचा चेहरा उतरला. सायकलच्या दांड्यावर हात ठेवून तो उभा राहिला. "सायकलवाले काकासुद्धा?"

"तेसुद्धा."

"मी हात जोडून सांगितलं होतं सगळ्यांना. या वेळी खरं सांगा, मी सांगून आलोय. हो हो म्हणाले. आई म्हणते, तू भोळा आहेस, असंच सांगून फसवतात." तो थांबला. "काकांचं नाव म्हणूनच दिलं होतं. ते तरी…"

"दुसरं एखादं नाव द्या. मी साहेबांना विचारून बघते."

"कुणाचं देऊ? साऱ्या गल्लीनं जहाज पाहिलंय." तो हसायला गेला, पण ते हसू काही टिकलं नाही. मला तिथंच रस्त्यात रडू आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्यानं लांबूनच दुकानाकडे पाहिलं. आई हातवारे करून काहीतरी सांगत होती, सत्यवादी मान डोलवत होते. शिवणवाल्या वहिनीही टेप गळ्यात तसाच टाकून तिथं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आई त्या दुकानात बसलीय," तो नवल वाटून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, यांना कळू देऊ नका. यांच्यामुळे गेली म्हणून."

"मग घरी काय सांगाल?"

"सांगेन, जागा आधीच भरली होती. सगळे बोललेत माझ्यासाठी, एक खोटं मीपण बोलतो."

आईला आम्ही दिसलो. "बाई, तुमचा चहा राहिला!" ती तिथूनच ओरडली. "नोकरी लागली की परत या हं! नक्की!"

"येईन," मी हात वर करून म्हटलं. एकदा चौकशी झालेल्या गल्लीत आम्हाला पुन्हा पाठवत नाहीत.

तो सायकल घेऊन दुकानाशी गेला. कपाळावरचं सिमेंट बाहीनं पुसलं आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, मागच्या चाकात हवा बघा जरा, कमी वाटते." सत्यवादी कप ठेवून लगबगीनं पंप घ्यायला उठले. आई बघत होती. चाक मी मघाशी जवळून पाहिलं होतं. चांगलं टणक होतं.