बनाचा घोट

माझा कुंडलिक ख्रिस्ती झाला, त्याचं मला काय बी वाटलं न्हाई. भोरला मिशनच्या शाळंत शिकला, तिथंच मास्तर झाला, आनी बायकोसकट बाप्तिस्मा घेऊन आला. म्हनलं, बाबा, देव बदल न्हाईतर अंगरखा बदल, मानूस हाय त्योच ऱ्हानार. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई. आधी दारू पिऊन बायकोला मारायचा. मग दारू सोडली आनी शास्त्र वाचून मारायला लागला. हात त्योच, निस्ता तोंडाचा वास गेला.

बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत ऱ्हावं, असं लिवलंय म्हने. त्याच्याच म्होरं, नवऱ्यानं बायकोवर जीव टाकावा, असं बी लिवलंय. हे मला बनानं सांगितलं. बना म्हंजी माझी सून. त्या वळीवर ह्या दिवट्याचं बोट कवा गेलंच न्हाई.

एका उन्हाळ्यात त्यानं तिला अशी हानली की डावा कान कायमचा गेला. पोर भोरास्नं कापूरहोळापत्तुर उन्हाची चालत आली आनी तितनं किकवीला माझ्या दारात. म्या कान बगितला. म्हनलं, "बाय, आता हितंच ऱ्हा. शेत हाय, म्हस हाय, म्या हाय." आमच्यात असती तर पंचांम्होरं काडी मोडून मोकळी झाली असती. तिच्या धर्मात तसलं न्हाई. आनी पोरीचा धर्म काय सुटना! कोंबड्याच्या आधी उठून डोळे मिटून देवापाशी मागनं मागायची.

महिन्यातनं एकदा पुन्याचा पाळक भोरला यायचा. मंडळीला वळीनं बसवून भाकरीचा तुकडा आनी द्राक्षाच्या रसाचा घोट द्यायचा. प्रभुभोजन म्हनायचे त्याला. त्या घोटासाठी बना महिनाभर झुरायची. रस्त्यावर डाव्या अंगानं मोटार आलेली तिला कळायची न्हाई, म्हनून म्या संगं जायची. दाराशी चपला राखत बसायची.

त्या मंडळीत नाना जातीची मानसं. एकाच पेल्यातनं प्यायचं म्हनलं की कुनाच्या पोटात दुखायचं, कुनाचं शेजारच्याशी भांडन निघायचं. सोंगं निस्ती! म्हनून पाळकानं नेम घातला. वळीतल्या एकाचं जरी दुसऱ्याशी वाकडं आसंल, तर आधी समेट करायचा. तवर पेला कुनालाच न्हाई. नेम चांगला व्हता. पन चांगला नेम लबाडाच्या हाती पडाया किती येळ लागतोय?

वेल्ह्याकडं उपदेशकाची जागा निघाली. ऱ्हायला घर, वर पगार. पन मिशनची अट अशी की ज्याची बायको नांदत न्हाई त्यानं दुसऱ्याला शिकवू न्हाई. झालं! इतके दिस ती जगली का मेली ते इचारलं न्हाई, आनी आता आली बाबाला बायकोची आठवन.

त्या रविवारी भाकरी वाटून झाली, आनी पाळकानं पेला उचलला तसा कुंडलिक उठला. हात जोडलेले, मान खाली. "पाळकसाहेब, माझं आणि माझ्या पत्नीचं वाकडं आहे. मी समेटाला तयार आहे. तिनं घरी यावं. तोवर मला पेला घेता येत नाही."

त्याला न्हाई म्हंजी कुनालाच न्हाई. समदी वळ बनाकडं वळली. चिमाजी टांगेवाला तर वराडलाच, "अगं बाई, जा की घरी! तुझ्या एकटीपायी समद्यांला उपाशी ठेवतीस व्हय?" उपाशी म्हने! मेल्याचं पोट एका घोटानं भरनार व्हतं जनू.

पाळक आनंदराव मऊ मानूस. कुनाचं मन मोडवायचं न्हाई त्याला. असलीच मानसं घात करत्यात. त्यो हळूच म्हनला, "बनाबाई, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय ना आपल्याला?"

बनानं उजवा कान म्होरं करून ऐकलं. "क्षमा म्या कवाच केलीया, पाळकसाहेब. घरी न्हाई जानार."

"घरी येत नाहीस, ती कसली क्षमा?" कुंडलिक म्हनला. आवाजात निस्ता मध.

माझं डोकंच फिरलं. दारातनंच म्हनलं, "थांबा, पाळकसाहेब. समेटच करायचा तर माझा बी धरा. ह्याच्याशी माझं वाकडं हाय. पोरीचा कान कशानं गेला ते ह्यानं समद्यांम्होरं सांगावं, मग पेल्याला हात लावावा."

कुंडलिकनं माझ्याकडं बगितलं सुदिक न्हाई. पाळकाला म्हनला, "तिचं मनावर घेऊ नका. ती बाहेरची आहे. ओळीत नसलेल्याचं वाकडं मोजायचं नसतं."

ज्या पोटातनं आला त्या पोटाला भायेरचं म्हनला! आनी पाळकानं मान डोलावली. खरंच डोलावली हो.

तशी बना उठली. पदर सावरला, वळीतनं भायेर आली आनी माझ्याशेजारी चपलांपाशी बसली. "मग म्या बी भायेरची. मोजा आता वळ."

"असं नका करू, बनाबाई," पाळक म्हनला. "ओळ सोडलीत तर तुम्हाला पेला देता यायचा नाही."

"म्हाईत हाय."

म्या तिला ढकलाया लागले. "जा बाय, बस जा जाग्यावर. ह्या भिकारड्यांपायी तुझा घोट का सोडतीस?" तिनं माझं मनगट घट्ट धरलं आनी हालली न्हाई.

आता वळीत कुनाचंच वाकडं ऱ्हायलं न्हाई. पेला निघाला. समदे प्यायले. कुंडलिक डोळे मिटून प्यायला. चिमाजीनं मिशा पुसल्या. एक मानूस ऱ्हायलं, असं त्या खोलीत एकाच्या बी तोंडातनं निघालं न्हाई. त्या घोटाचं खरं वेड एकटीला, आनी तीच कोरडी! पाळक पेल्यावर फडकं झाकोस्तवर ती बघत ऱ्हायली. मग वाटंनं कापूरहोळापत्तुर रडली. थू असल्या मंडळीवर!

वेल्ह्याची जागा त्याला मिळाली न्हाईच. बायको न्हाई ती न्हाईच. त्याचं मला सुख बी न्हाई आनी दुख बी न्हाई.

त्या सांजंला म्या भाकरी टाकली, कोरड्यास वाढलं. बनानं डोळे मिटले. म्हशीसाठी मागितलं, माझ्या गुडघ्यांसाठी मागितलं, आनी मग कुंडलिकचं नाव घेतलं.

"ए बये," म्या म्हनलं, "त्या मुडद्याचं नाव माझ्या चुलीपाशी घेऊ नगंस. भाकरी निवतीया."

तिनं डोळे उघडले. "आत्याबाई, त्यांच्यासाठी मागीन म्या. रांधनार न्हाई." आनी पुन्यांदा डोळे मिटले.

म्या काय आमेन म्हनले न्हाई. त्याच्या नावाला मेले तरी म्हननार न्हाई. पन तिचं हुईस्तवर भाकरीला हात लावला न्हाई.