तेरावी पायरी

ओफेलिननं न्हाणीघरातला नळ तिसऱ्यांदा सोडला. पाणी तिसऱ्यांदाही स्वच्छच आलं. विकाऊ घरातला नळ इतका शहाण्यासारखा वागतो म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं तिला वाटून गेलं.

कडेवर नऊ महिन्यांची तिंतिन होती. तीन वाजता वकिलाकडे सह्या व्हायच्या होत्या. नवरा रेनान्ते आठ वर्षं जहाजावर खपला, त्याचं चीज आज या घरात व्हायचं होतं; आणि त्यानं घर पाहिलं होतं ते फक्त फोनवर. चूक झाली तर ती एकट्या ओफेलिनची. म्हणून ती भिंती चाचपत, कोपरे हुंगत फिरत होती. या भागात नदी एकदा घरात येऊन गेली की भिंतीवर रेघ सोडते, आणि रंगाचे दोन हात दिले की ती रेघ कुणाला दिसत नाही.

"काय हुंगतेस गं, इंदाय?" घराच्या मालकीणबाई फेलिसा दारातून म्हणाल्या. सत्तरीच्या या विधवा बाईंना सगळी गल्ली नानाय, म्हणजे आई, म्हणे; आणि त्या प्रत्येक तरुण बाईला इंदाय. "सकाळी सुकी मासळी तळलीय मी. तोच वास."

"तसं नाही हो, नानाय."

"तसंच आहे. बघ, बघ. फुकट नाही घेत आहेस."

तेवढ्यात आईचा फोन आला. "पायऱ्या मोजल्यास?"

"मागच्या वेळी तिंतिन रडत होती गं. राहून गेलं."

"कॉलेज शिकलीस आणि नळ बघत बसलीस! आधी पायऱ्या मोज."

ओफेलिन जिन्याशी गेली. सोनं, चांदी, मरण; सोनं, चांदी, मरण. दर पायरीला एक शब्द. शेवटची मरणावर आली तर त्या घरात लेकरू घेऊन जायचं नाही. तेरावीला ती वर पोचली. सोनं! तिचा जीव भांड्यात पडला.

उतरताना तिंतिनच्या हातातला खुळखुळा निसटला आणि तळच्या पायरीवर जाऊन थांबला. उचलायला ती वाकली आणि तशीच राहिली. वरच्या बारा पायऱ्या लाल, मधोमध झिजलेल्या. ही करडी, कोरीकरकरीत. तिनं फोनमधला मागच्या वेळचा फोटो उघडून पायऱ्या मोजल्या. बारा.

"नानाय, ही पायरी नवी आहे."

"हो. पंधरा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत? मोजणारा मोजेल आणि खूश होऊन सही करेल, असंच ना? की खाली पाण्यानं खाल्लेलं काही झाकलंय?"

फेलिसांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "किल्ली असेल ना पर्समध्ये? खरवड."

ओफेलिननं किल्ली काढून खरोखरच खरवडलं. कोरडं सिमेंट तेवढं निघालं.

"आमचे हे गणिताचे मास्तर," फेलिसा म्हणाल्या. "घर बांधताना गवंडी म्हणाला, सर, बारावी मरणावर येतेय. हे म्हणाले, बारा म्हणजे बारा, खुळचटपणा नको. झालं. चाळीस वर्षं मी त्या शेवटच्या पायरीवर पाय दिला नाही. उतरताना अकरावीला चांदी आली की टांग, थेट जमिनीवर. हातात भाताचं पातेलं असो, पोटात पोर असो. हे म्हणायचे, आली बेडकी!"

"मग ते गेल्यावर तरी वाढवायची एक."

"वा गं! म्हणजे तेच चुकले होते, असं गावाला सांगायचं?" त्यांनी गुडघा चोळला. "आता टांग जमत नाही, म्हणून तर मुलीकडे चाललेय. पण तू हिला कडेवर घेऊन उतरणार, म्हणून घातली ही. नळ तीनदा सोडणारी बाई टांग मारल्याशिवाय राहील होय?"

"खरं सांगताय?" ओफेलिनचा आवाज अजून ताठ होता.

"गल्लीत विचार, बेडकी कोण म्हणून."

ओफेलिननं विचारलं नाही. तिनं किल्ली पर्समध्ये टाकली. "अडीच वाजले, नानाय. निघायला हवं."

"यांचा फोटो राहिलाय वर."

पंचा गुंडाळलेला फोटो छातीशी धरून फेलिसा उतरू लागल्या. ओठ हलत होते. ओफेलिन खालून त्यांच्या पावलांकडे बघत राहिली. अकरावीला त्या थांबल्या. दुखरा गुडघा सवयीनं जरासा उचलला गेला.

पंचा सरकून मास्तरांचे डोळे दिसत होते. फेलिसांनी तो नीट त्यांच्या चेहऱ्यावर ओढून घेतला. मग कठडा धरून बारावीवर पाय ठेवला, आणि मग तेरावीवर.