माहेरचं मत

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सेजलचं मत माहेरीच राहिलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. पोलादपूरकडच्या तिच्या गावात निवडणूक लागली की तिचा भाऊ महिपती रिक्षा धाडायचा. ही दासगावजवळच्या सासरहून ठेवणीतली साडी नेसून जायची, बोटाला शाई लावून घ्यायची आणि कोंबडी-वडे जेवून संध्याकाळी परत यायची. लग्न होऊन गेलेल्या लेकींची मतं अशी गोळा करणं म्हणजे आपल्याकडे निवडणुकीचा निम्मा कारभारच.

बिनसलं ते सासरच्या ग्रामसभेत. सेजलच्या आळीत नळाला पाणी चढत नाही, म्हणून ती उभी राहून तावातावाने बोलली. मागून एकाने शांतपणे विचारलं, गावच्या मतदारयादीत तुझं नाव कुठं आहे? यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सभासद. नियम खरा होता, म्हणून तर जास्त झोंबला. सहा वर्षं त्या आळीत हंडे वाहून तिची मान मोडली होती आणि कागदावर ती अजून पाहुणीच होती.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीच्या जानकीबाईंकडे गेली. गावात यादीचं काम त्याच बघतात. राहायचा पत्ता बदलला की आठ नंबरचा अर्ज भरायचा, म्हणजे नाव तिकडून इकडे येतं, असं त्यांनी सांगितलं; मात्र निवडणुकीची यादी ठरल्या तारखेला पक्की होते, त्याआधी हे उरकायला हवं. नवरा म्हणाला, तुझं तू ठरव. सेजलने अर्ज भरला खरा, पण घरी येताना तिच्या डोक्यात भाऊच होता, कारण यंदा माहेरी ग्रामपंचायतीला महिपती स्वतःच उभा राहणार होता.

भावाला सांगायचं तिने आज-उद्या करत लांबवलं. शेवटी रिक्षाची वेळ ठरवायला त्याचाच फोन आला, तेव्हा सांगावंच लागलं.

"म्हंजे आता तू आमची नायस," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मतदान सगळ्या गावांत एकाच दिवशी होतं; तिने सासरच्या शाळेत चालत जाऊन मत दिलं. फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मतमोजणीत महिपतीला आणि समोरच्याला अगदी सारखी मतं पडली. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी काढली, ती समोरच्याची निघाली.

दुसऱ्याच दिवशी सेजल माहेरी गेली. तोंड लपवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. महिपती ओटीवर बसला होता. त्याने ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही.

"एक मत गो," तो म्हणाला. "एकच पायजे होतं."

सेजलला रडू फुटलं. त्याचं चुकलं असं म्हणवेना आणि आपलं चुकलं असंही वाटेना. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. देवश्री तिचं नाव, माहेर पाचाडचं, नवऱ्यापुढे एरवी मोजकंच बोलणारी बाई. तिने कप ठेवले आणि आत न जाता तिथेच उभी राहिली.

"त्या एका मताचं मी सांगू?" ती म्हणाली. "नऊ वर्सं या घरात हाय मी. माझं नाव अजून पाचाडच्या यादीत हाय. मतदानाच्या सकाळी माझ्या भावाची जीप आली, तवा तुमीच मला बसवून दिलंत. पान्याची बाटली घे, म्हनालात."

एक मत नऊ वर्षं महिपतीच्याच स्वयंपाकघरात राबत होतं आणि हा गडी पार दासगावकडे रिक्षा धाडत होता. सेजलला रडता रडता हसू आलं, मग वहिनीला, आणि शेवटी नाइलाजाने त्यालाही.

"कुठला अर्ज भरलास तू?" त्याने बहिणीला विचारलं.

"आठ नंबरचा."

"हिचापन भरायला पायजे."

"मी भरंन माझा," देवश्री म्हणाली. "पन मत तुमालाच पडंल, असं धरून चालू नका."