इनामदार मॅडमचं ऐकणं

हिवाळ्यातलं कोवळं ऊन राजारामपुरीतल्या आमच्या वर्गात तिरपं उतरे आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या इनामदार मॅडमच्या रुपेरी केसांवर क्षणभर विसावे. बाहेर रिक्षांचा गलबला, आणि त्यातून वाट काढत येणारा त्यांचा संथ, किंचित घोगरा स्वर. मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी एका मुलीकडे पाहून विचारलं होतं, ही काय करते आहे? उदास बसली आहे, असं आम्ही म्हणालो. ती खिडकीबाहेर पाहते आहे, एवढंच आपल्याला दिसतं, त्या म्हणाल्या. उदासी आपण तिच्यावर पांघरली. निरीक्षण आणि अनुमान यांच्यातली ती सूक्ष्म रेषा त्यांनी आयुष्यभर जपली. कुणी बोलू लागलं की त्यांची मान जराशी कलायची, तळवे मांडीवर उघडे व्हायचे, आणि समोरचा थांबला तरी ती पोकळी भरायची घाई त्या कधी करत नसत.

एम. ए.च्या शेवटच्या वर्षी माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता शोक. अपत्य गमावलेल्या आयांच्या मुलाखती मी घेत होते आणि मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. गारगोटीजवळच्या एका गावी आक्काताईंकडे जायचं ठरलं, तेव्हा त्याही सोबत आल्या. आक्काताईंची तरणी लेक आजारपणात गेली होती. ऊस तुटून रानं उघडी पडली होती, गुऱ्हाळाचा गोडसर धूर दुपारभर रेंगाळत होता. मी अभ्यासाचा हेतू समजावला, त्यांची सही घेतली, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं. बराच वेळ त्या चारचौघांत बोलावं तसं बोलल्या. मग अचानक आवाज खाली गेला, आणि लेकीच्या अखेरच्या दिवसांतलं, कुणालाच न सांगितलेलं काहीतरी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. ते काय होतं, ते मी इथेही लिहिणार नाही.

पदराचा काठ बोटांभोवती गुंडाळत त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या, "बाई, तेवढं पुसा की. ते माझ्या लेकीचं हाय. कुणाला द्यायचं न्हाय."

नाव कुठेच येणार नाही, असं मी परोपरीनं सांगू लागले. माझ्या साऱ्या अभ्यासाचा प्राण त्या काही वाक्यांत होता. मॅडमनी मला थांबवलं नाही, फक्त फोनसाठी हात पुढे केला. आक्काताईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी तेवढंच नव्हे, सगळंच ध्वनिमुद्रण पुसलं आणि काहीच उरलं नसल्याचं त्यांना दाखवलं. नंतर चहा झाला. दुभत्या म्हशीच्या, पाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना आक्काताईंनी मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या एसटीत माझा राग आवरेना. त्यांनी सही केली होती, मी म्हणाले.

"संमती सहीपाशी संपत नाही," मॅडम खिडकीबाहेरच्या मावळत्या उन्हाकडे पाहत म्हणाल्या. "माणूस नको म्हणेपर्यंतच ती असते."

प्रबंध लांबला. नव्या मुलाखती घ्याव्या लागल्या, आणि विभागातली नाराजी मॅडमनी निमूट स्वतःवर घेतली; माझ्यापर्यंत तिची झळही येऊ दिली नाही. प्रबंध शेवटी साधाच झाला. पण त्यानंतर ज्या ज्या आया माझ्याशी बोलल्या, त्यांच्यासमोर माझे प्रश्न आपोआप कमी होत गेले.

गेल्या मार्गशीर्षात मॅडम गेल्या. आता संशोधनपद्धती मीच शिकवते, त्यातला संमतीचा धडाही. आक्काताईंनी पुसायला लावलेले ते शब्द आताशा मला नेमके आठवत नाहीत; मॅडमचा घोगरा स्वरही दिवसेंदिवस पुसट होत चालला आहे. काळ आवाज आधी नेतो, मग चेहरे. मॅडमनी समोरच्यासाठी राखलेली शांतता मात्र तो नेत नाही; कुणी बोलता बोलता थांबलं, की ती पोकळी भरायची घाई आता मीही करत नाही.